औषधाचा रेणू कसा घडतो?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी जेव्हा आम्हाला 'तुमच्या विषयावर बोला' असा आग्रह केला, तेव्हा प्रथम आम्हाला संकोच वाटला. आमचा विषय सेंद्रिय रसायनशास्त्र, आणि त्यातही विषमवलयी संयुगे. हे नाव ऐकताच समोरचा श्रोता घड्याळाकडे पाहू लागतो, हा आमचा जुना अनुभव आहे. परंतु मग विचार केला की, येथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांच्या खिशात किंवा पिशवीत आज ॲसिडिटीची गोळी सापडेल. ज्या वस्तूवर आपण महिन्याला पैसे खर्च करतो, जी आपण दररोज पोटात घालतो, ती वस्तू काय आहे आणि ती कोणी कशी घडवली, हे समजून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. म्हणून आज आम्ही त्याच गोळीच्या जन्माची हकीकत सांगणार आहोत. ती सांगताना आमच्या घरातील तीन माणसांचा उल्लेख येईल, कारण ही हकीकत आम्ही पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिली.

आमचे वडील गिरणी कामगार होते. डिलाईल रोडच्या चाळीत आमचे बिऱ्हाड. तिन्ही पाळ्यांचे काम, अवेळी जेवण आणि डोक्याला संसाराची काळजी. त्यांच्या पोटात दुखू लागले की ते खायचा सोडा पाण्यात ढवळून घेत. कधी थंड दूध, कधी चुन्याची निवळी. शेजारीपाजारी म्हणत, तिखट सोडा. आई म्हणे, काळजी सोडा. वडिलांनी तिखट सोडले, काळजी काही सुटली नाही. १९७३ साली एका पहाटे ते पोट धरून जमिनीवर कोसळले. अल्सर फुटला होता. इस्पितळात त्यांचे अर्धेअधिक जठर कापून काढले. त्या काळी अल्सर हाताबाहेर गेला की तोच उपाय होता. वडील वाचले, परंतु पुढे आयुष्यभर त्यांना एका वेळी मूठभर भातापेक्षा जास्त जेवता आले नाही. जेवणानंतर घाम फुटे, चक्कर येई. त्यांना परत गिरणीत पाळी करणे जमले नाही. आम्ही तेव्हा आठवीत होतो.

त्याच वेळी, म्हणजे वडिलांच्या पोटावर टाके पडत होते त्या वर्षी, इंग्लंडमधील एका प्रयोगशाळेत एक रेणू तयार होऊन माणसावरील चाचण्यांची वाट पाहत होता. तीन वर्षांनी तो बाजारात आला आणि अशा शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने खाली आली. त्या रेणूचे नाव सिमेटिडीन. हा योगायोग आम्हाला पुढे एम.एस्सी.च्या वर्गात समजला, आणि आम्ही आमचे आयुष्य याच विषयाला दिले, त्याचे कारणही हेच.

आता विषमवलयी म्हणजे काय ते आधी पाहू. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून उभे राहतात, हे आपण शाळेत शिकलो. कधी ते रांगेत उभे राहतात, तर कधी फेर धरतात. फेर धरला की त्याला वलय म्हणायचे. या फेरात सगळेच कार्बन असतील तर ते समवलय. परंतु फेरात मध्येच एखादा नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक शिरला, तर ते झाले विषमवलय. एवढीच त्या अवघड नावाची गोष्ट. आपल्या चहा-कॉफीतील कॅफीन, तंबाखूतील निकोटीन, काळ्या मिरीचा तिखटपणा ज्यामुळे येतो ते पायपरीन, ही सर्व विषमवलयी संयुगे आहेत. आपल्या प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचा जो मजकूर लिहिलेला आहे, त्याची चारही अक्षरे विषमवलयीच आहेत.

या मंडळींचे महत्त्व का? कार्बनच्या फेरात नायट्रोजन आला की वलयाच्या त्या जागी विजेचा भार थोडा जास्त साचतो. तेथे तो दुसऱ्या रेणूतील हायड्रोजनला धरू शकतो, किंवा स्वतःचा हायड्रोजन पुढे करू शकतो. साध्या कार्बनच्या वलयाचा स्वभाव तेलकट, कोणाशी फारसा न बोलणारा. विषमवलय मात्र बोलके असते. शरीरातील प्रथिनांशी ज्याला संवाद करायचा आहे, त्याला असा बोलका अणू फार उपयोगी पडतो.

आणि संवाद कोणाशी? तर ग्राहीशी. त्याला इंग्रजीतून आलेला रिसेप्टर हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पेशीच्या भिंतीत बसवलेले हे प्रथिन म्हणजे जणू दाराचे कुलूप. बाहेरून विशिष्ट रेणू येतो, त्या कुलपात बसतो, आणि आत निरोप जातो. केंब्रिजचे लँग्ली यांनी १९०५ साली स्नायूंवर निकोटीन आणि क्युरारी या विषाचे प्रयोग करून, पेशीत असा काही 'ग्रहण करणारा' पदार्थ असला पाहिजे, असा तर्क मांडला. जर्मनीत एर्लिख हेही त्याच दिशेने विचार करीत होते. मात्र तो पदार्थ त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि पुढे कित्येक दशके कोणीच पाहिला नाही. न दिसणाऱ्या कुलपाची किल्ली घडवायची, असा हा धंदा होता. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवा.

आता एस.टी.चे उदाहरण घेऊ. गाडी स्टँडवर लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकतो आणि जागा धरतो. तो रुमाल काही प्रवास करीत नाही, तिकीट काढीत नाही. परंतु तो आहे तोवर दुसऱ्याला बसता येत नाही. औषधांचा एक मोठा वर्ग नेमका हेच काम करतो. शरीराचा स्वतःचा रेणू जेथे बसून निरोप देणार, तेथे औषध आधी जाऊन बसते. स्वतः निरोप देत नाही आणि दुसऱ्याला देऊ देत नाही. याला आपण रोधक म्हणू. मात्र एक अडचण आहे. रुमाल त्या आसनावर नीट बसला पाहिजे, वाऱ्याने उडता कामा नये. म्हणजे रोधक रेणू मूळ रेणूसारखा हवा, तरच कुलूप त्याला ओळखेल. आणि मूळ रेणूपेक्षा वेगळाही हवा, नाहीतर तोच निरोप देऊन मोकळा होईल. सारखा आणि तरी वेगळा, यातच सारी मेख आहे.

जेम्स ब्लॅक हे नाव विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. स्कॉटलंडमधील खाणींच्या मुलखात वाढलेला हा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून सेंट अँड्र्यूज विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकला. पदवी मिळाली तेव्हा डोक्यावर कर्ज होते. ते फेडण्यासाठी सिंगापूरला जाऊन तीन वर्षे शिकवण्याची नोकरी केली. आपल्या मुलांना ही परिस्थिती वेगळी सांगायला नको. पुढे त्यांनी ॲड्रिनॅलिनच्या ग्राहीवर रुमाल टाकणारे प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचे औषध घडवले, आणि १९६४ साली ते लंडनच्या उत्तरेला वेल्विन येथे स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीच्या प्रयोगशाळेत आले. येथे त्यांनी हिस्टामीनचा प्रश्न हाती घेतला.

हिस्टामीन हा आपल्याच शरीरातील रेणू. त्याची रचना अगदी लहान आहे. एका टोकाला इमिडॅझोल नावाचे पाच अणूंचे विषमवलय, त्यात तीन कार्बन आणि दोन नायट्रोजन. त्याला जोडलेली दोन कार्बनची शेपटी, आणि शेपटीच्या टोकाला आणखी एक नायट्रोजन. डास चावला की खाज येते, सर्दीत नाक वाहते, ते याच हिस्टामीनमुळे. त्यावरची औषधे पॅरिसमध्ये बोव्हे यांच्या १९३७ पासूनच्या कामातून निघाली होती आणि त्यांना त्यासाठी १९५७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु एक कोडे उरले होते. हिस्टामीन जठरात आम्लही वाढवते. आणि सर्दीची ही सारी औषधे त्या आम्लाला मुळीच रोखू शकत नव्हती. नाकावर चालणारा रुमाल जठरात का चालत नाही?

ब्लॅक यांचा तर्क असा की, कुलूप एक नसून दोन आहेत. किल्ली एकच, परंतु नाकातील कुलूप वेगळे आणि जठरातील वेगळे. तर्क करणे सोपे, सिद्ध कसे करायचे? त्याचा एकच मार्ग, जठरातील कुलपावर बसणारा रेणू घडवून दाखवणे. गॅनेलिन, ड्युरंट, एमेट या रसायनतज्ज्ञांनी हिस्टामीनला हात घातला. येथे एक मिथाइल जोड, तेथून काढ, वलय बदल, शेपटी वाकव. त्यातून लवकरच एक उत्साहवर्धक खूण मिळाली. वलयावर एका ठरावीक जागी मिथाइल जोडलेले हिस्टामीन जठरातील आम्ल वाढवत होते, परंतु आतड्यावर त्याचा परिणाम फारच कमी होता. म्हणजे कुलपे खरोखर दोन असावीत. परंतु रोधक काही सापडेना. एक वर्ष गेले, दोन गेली, चार गेली. सुमारे २०० रेणू तयार झाले, तपासले गेले, आणि त्यांतला एकही आम्ल रोखीत नव्हता.

बंधू-भगिनींनो, २०० रेणू म्हणजे काय, हे आम्ही अनुभवाने सांगतो. एक नवा रेणू म्हणजे चार-पाच पायऱ्यांची चढण. गोल बुडाच्या चंबूत रसायने उकळत ठेवायची, दर तासाला थेंब काढून पट्टीवर तपासायचा. रात्री चिकट काळा डिंक हाती येतो, त्यातून स्फटिक निघतीलच अशी खात्री नसते. काचेच्या कांडीने भांड्याची कड खरवडत बसलेले आमचे कित्येक सहकारी आम्हाला आठवतात. आठवड्यांच्या कष्टाने चिमूटभर पांढरी भुकटी निघते, ती पुडीत बांधून जीवशास्त्राच्या विभागात जाते, आणि तिकडून एका ओळीचे उत्तर येते: परिणाम नाही. असे २०० वेळा.

मग मार्ग कसा सापडला? येथे आमच्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. तो कोठल्या नव्या चमत्काराने सापडला नाही. तो जुन्या नोंदीत पडलेला होता. अगदी सुरुवातीच्या काळात त्यांनी हिस्टामीनच्या शेपटीच्या टोकाला ग्वानिडीन हा नायट्रोजनचा तिहेरी गट बसवून एक रेणू केला होता. तो आम्ल वाढवतो असे दिसले होते, म्हणून बाजूला पडला होता. १९६८ मध्ये त्याची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा लक्षात आले की, हा रेणू आम्ल वाढवतो खरा, परंतु अर्धवटच. आणि तो तेथे बसलेला असताना खरे हिस्टामीन दिले, तर त्याचाही परिणाम काहीसा कमी पडतो. म्हणजे ही किल्ली कुलपात शिरत होती, अर्धी फिरत होती आणि अडकत होती. पहिल्या तपासणीत प्रश्न एवढाच विचारला होता की, हा आम्ल वाढवतो का? उत्तर 'होय' आले आणि पुडी फडताळात गेली. 'हा हिस्टामीनला अडवतो का?' हा प्रश्न त्याला विचारलाच गेला नव्हता. रेणू बदलला नव्हता. प्रश्न बदलला आणि अपयशाचे यश झाले.

त्यानंतरचे काम तर्काने पुढे गेले. अर्धी फिरणारी किल्ली मुळीच फिरू नये यासाठी काय करावे? ग्वानिडीनचा गट शरीरात धन भार घेऊन असतो, हिस्टामीनचे टोकही तसेच. कदाचित हा भारच कुलूप फिरवत असेल. म्हणून भार नसलेला, परंतु आकाराने जुळणारा थायोयूरिया गट बसवला आणि शेपटी दोनाऐवजी चार कार्बनची केली. हा बुरिमामाइड. तो निखळ रोधक निघाला. १९७२ साली 'नेचर' या नियतकालिकात ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या ग्राहीचा पुरावा जगापुढे ठेवला. तोवर केलेल्या रेणूंची संख्या ७०० च्या घरात गेली होती.

परंतु बुरिमामाइड शिरेतून द्यावा लागे, तोंडाने घेतला तर पुरेसा लागू पडत नसे. पुन्हा वलयाकडे पाहणे आले. इमिडॅझोलच्या दोन नायट्रोजनांमध्ये एक हायड्रोजन असतो आणि तो कधी याच्याकडे तर कधी त्याच्याकडे राहतो, जसे एक मूल दोन घरांत वाढावे. हिस्टामीनमध्ये ते मूल ज्या घरी अधिक रमते, त्याच घरी ते रोधकातही रमावे, असा विचार त्यांनी केला. शेपटीत एका कार्बनच्या जागी गंधक घातला, तो वलयातील भार स्वतःकडे ओढतो. आणि वलयावर मिथाइल बसवला, तो थोडा भार परत देतो. एवढ्या बारीक फेरफाराने औषधाची शक्ती सुमारे दहापट वाढली. हा मेटियामाइड. तो रुग्णांना दिला, अल्सर भरू लागले. सर्वांना वाटले, जिंकलो.

आणि तेवढ्यात काही थोड्या रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटल्या. चाचण्या थांबवल्या गेल्या. दोष थायोयूरियाच्या गंधकात असावा, असा संशय होता. सुदैवाने त्या तज्ज्ञांनी आधीच दुसरी वाट तयार ठेवली होती. ते पुन्हा ग्वानिडीनकडे वळले, ज्या गटापासून सारे सुरू झाले होते त्याच्याकडे. मात्र आता त्याला सायनो हा गट जोडला. हा गट भार इतका ओढून घेतो की ग्वानिडीनचा धन भार जवळजवळ नाहीसा होतो. हा रेणू म्हणजे सिमेटिडीन. नोव्हेंबर १९७६ मध्ये तो ब्रिटनमध्ये टॅगामेट या नावाने बाजारात आला, पुढल्या वर्षी अमेरिकेत. ब्लॅक यांना १९८८ साली, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासमवेत, नोबेल पारितोषिक मिळाले.

१९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळत असे. त्यामुळे आपल्या कारखान्यांनी स्वतःच्या पद्धतीने अशी औषधे बनवली आणि ती गरिबाच्या हाती पोचली. २००५ पासून हा कायदा बदलला. आम्हीही ऐंशीच्या दशकात एका एम.आय.डी.सी.तील कारखान्यात सिमेटिडीनवर काम केले. तेथील एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सिमेटिडीनच्या शेवटच्या दोन पायऱ्यांमध्ये दोन्ही वेळा मिथाइल मर्कॅप्टन हा वायू बाहेर पडतो. स्वयंपाकाच्या गॅसला गळती कळावी म्हणून जो घाण वास मुद्दाम मिसळतात, त्याच कुळातील हा वायू. सडलेल्या कोबीसारखा वास, आणि विषारी. तो कॉस्टिक आणि हायपोक्लोराइटच्या टाकीतून नेऊन मारावा लागतो. एका रात्रपाळीत त्या टाकीतील द्रावण संपले होते आणि कोणी बदलले नव्हते. रिॲक्टरवरचा मुलगा, बारावी झालेला, आमच्याच वस्तीतला, बेशुद्ध होऊन पडला. वेळेवर बाहेर काढला म्हणून वाचला. आम्ही त्याला नंतर विचारले, 'वास येत होता ना?' तो म्हणाला, 'साहेब, आधी आला, मग यायचा थांबला. मला वाटलं, गेला असेल.' वास गेला नव्हता, त्याचे नाक थकले होते. चंबूत काय चालले आहे, शेवटी काय निघते, नाक कधी फसवते, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. आम्हीही नाही. आम्ही वरच्या मजल्यावर बसून कागदावर षट्कोन आणि पंचकोन काढीत होतो. ही चूक आमच्या मनातून आजही जात नाही. म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या मुलांना हात जोडून सांगतो: तुम्ही ज्याचा झडप फिरवता त्या पदार्थाचे नाव विचारा. शेवटी काय वायू निघतो, तो कोठे जातो, हे विचारा. सांगणे हे वरच्याचे कर्तव्य आहे आणि विचारणे हा तुमचा हक्क आहे.

आता दुसऱ्या माणसाकडे येतो, आमचा धाकटा भाऊ. १९८८ मध्ये त्यालाही अल्सर निघाला. यावेळी कापाकापी झाली नाही. त्याला रॅनिटिडीन मिळाले. हे सिमेटिडीनचेच पुढचे भावंड. ग्लॅक्सो कंपनीच्या वेअर येथील प्रयोगशाळेत घडलेले, १९८१ पासून बाजारात. सिमेटिडीनचे इमिडॅझोल वलय यकृतातील विकरांनाही चिकटते आणि रक्त पातळ करणाऱ्या किंवा फिटच्या औषधांचे प्रमाण बिघडवते. रॅनिटिडीनमध्ये ते वलयच काढून ऑक्सिजन असलेले फ्युरान वलय बसवले, आणि हा त्रास बराच कमी झाला. इमिडॅझोलवाचून चालणारच नाही, असे ज्यांना वाटत होते त्यांचा समज चुकीचा ठरला.

भावाचे दुखणे आठ दिवसांत थांबले. आई म्हणाली, ही गोळी तेव्हा असती तर! परंतु गोळी बंद केली की काही महिन्यांनी अल्सर परत येई. पुन्हा गोळी, पुन्हा आराम, पुन्हा दुखणे. नऊ वर्षे असे चालले. आम्ही त्याला मोठ्या विद्वत्तेने ग्राही आणि रोधक समजावून सांगत होतो, आणि तो विचारीत होता, 'दादा, हे सगळं खरं. पण मला हे होतंच का?' त्याचा प्रश्न आमच्या शास्त्रापेक्षा खोल होता.

त्याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात मिळालेले होते. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठराच्या अस्तरात वाकडा जंतू पाहिला आणि १९८२ साली तो वाढवून दाखवला. एवढ्या आम्लात जंतू जगेलच कसा, म्हणून अनेकांनी विश्वास ठेवला नाही. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो जंतू स्वतः पिऊन घेतला आणि जठराला सूज आल्याचे दाखवून दिले. त्याचे नाव आज हेलिकोबॅक्टर पायलोरी. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. अल्सरचे एक मोठे कारण हा जंतू, आणि दुसरे मोठे कारण वारंवार घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. १९९७ मध्ये भावाची दुर्बिणीने तपासणी झाली, जंतू सापडला, आणि दोन आठवडे प्रतिजैविके व आम्ल रोखणारी गोळी असा एकत्र उपचार झाला. त्यानंतर आजतागायत त्याचा अल्सर परतलेला नाही. ज्या दुखण्यापायी वडिलांचे जठर गेले, ते धाकट्याच्या बाबतीत चौदा दिवसांत मुळापासून गेले.

मग सिमेटिडीन आणि रॅनिटिडीन व्यर्थ होते काय? मुळीच नाही. या रेणूंनी असंख्य माणसांना सुरीपासून वाचवले, आणि जखम भरण्यासाठी आम्ल रोखणे आजही लागते. परंतु लक्षण शमवणे आणि कारण शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या सभेत बसणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. रेणू हा प्रश्नाचे उत्तर असतो. परंतु प्रश्न बरोबर विचारला आहे काय, हे रेणू सांगत नाही.

रॅनिटिडीनचेही पुढे काय झाले ते ऐका. जवळजवळ चार दशके सुरक्षित मानलेल्या या औषधात २०१९ मध्ये एनडीएमए हा कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणारा पदार्थ आढळला. साठवणुकीत आणि उष्णतेत तो त्या रेणूपासूनच तयार होऊ शकतो, असे दिसले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले; २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतूनही ते वगळले गेले. हे सारे पुन्हा तपासल्यामुळे कळले. चांगले म्हणून नोंदवलेले उत्तरही पुन्हा तपासावे लागते, जसे वाईट म्हणून नोंदवलेले.

तिसरा माणूस आमचा पुतण्या. संगणकावर काम करतो, रात्री उशिरा जेवतो आणि रोज सकाळी मेडिकलवाल्याकडून घेतलेली गॅसची गोळी घेतो. तीन वर्षे झाली, कोणा डॉक्टरला विचारलेले नाही. ही गोळी आम्लाच्या ग्राहीवर बसत नाही, ती थेट आम्ल सोडणारा पंपच बंद करते. तीही विषमवलयीच आहे. औषध उत्तम आहे, परंतु वर्षानुवर्षे घेतल्यास काहींना ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते, आणि आतले खरे दुखणे झाकलेले राहू शकते. म्हणून सांगतो: दोन आठवडे गोळी घेऊनही त्रास राहिला, वजन घटू लागले, गिळताना अडू लागले, शौचाला डांबरासारखे काळे झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर मेडिकलच्या दुकानात नव्हे, डॉक्टरकडे जा. आणि डॉक्टरने चालू केलेली गोळी मात्र आमचे भाषण ऐकून स्वतःहून बंद करू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आज ग्राहीचे चित्र आपल्याला दिसते. २००७ पासून या कुळातील मानवी ग्राहींच्या रचना एकामागून एक उलगडल्या, आणि २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच ग्राहींवरील कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळाले. संगणकाच्या पडद्यावर कुलूप फिरवून पाहता येते. तुमच्या हाती जी साधने आहेत ती ब्लॅक यांच्याकडे नव्हती. त्यांच्याकडे होती ती व्यवस्थित ठेवलेली नोंदवही, आणि फसलेला प्रयोग फेकून न देण्याची सवय. तुमच्या वहीतही 'परिणाम नाही' अशा ओळी येतील. त्या खोडू नका. त्यांच्यापुढे तारीख घाला, कोणता प्रश्न विचारला होता ते लिहा, आणि काही दिवसांनी त्या पुन्हा वाचा.

आमचे वडील शेवटपर्यंत विचारीत, 'तू कारखान्यात नेमकं करतोस काय?' आम्ही एकदा त्यांना कागदावर तो पंचकोन काढून दाखवला, दोन नायट्रोजन, एक शेपटी. त्यांनी तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, 'एवढंसं?' होय, एवढेसेच. परंतु ते एवढेसे समजायला माणसांना बारा वर्षे लागली.